वाऱ्यावर शाळा उजळवणारे शिक्षक : पॉल ला कूर

पाण्यातून वीजप्रवाह सोडून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करण्याचा प्रयोग आपण शाळेत पाहतो. जळती काडी जवळ नेली की हायड्रोजन 'पॉप' आवाज करून पेटतो आणि तास संपतो. डेन्मार्कमधील एका शिक्षकाने मात्र याच प्रयोगावर आपली शाळा सात वर्षे उजळवली.

पॉल ला कूर यांचा जन्म १८४६ चा. डेन्मार्कच्या हवामान संस्थेत ते उपसंचालक होते, टेलिग्राफमधील शोधांमुळे त्यांचे नावही झाले होते. तरीही १८७८ मध्ये ते राजधानी सोडून आस्कोव्ह या खेड्यातील लोकशाळेत विज्ञान व गणित शिकवायला गेले. ही शाळा मूळची रोडिंग गावची. १८६४ च्या युद्धानंतर ते गाव जर्मनांच्या ताब्यात गेले, म्हणून १८६५ मध्ये शाळा नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोव्हला आली. सीमेवरच्या माणसांना आपल्या भाषेतील शाळेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

शहरात विजेचे दिवे आले, खेडी अंधारात राहिली. अशाने तरुण गावे सोडतील, ही ला कूर यांची खरी चिंता होती. डेन्मार्कमध्ये वारा भरपूर, म्हणून १८९१ मध्ये त्यांनी सरकारी मदतीने शाळेजवळ पवनचक्की उभारली. पण वारा कधी जोरात, कधी मंद. त्यांनी कप्प्या व वजने वापरून डायनॅमो एकसारखा फिरवणारे साधन बनवले. वारा पडला तर काय, याचे उत्तर होते हायड्रोजन! पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे अपघटन करून तो १२ घनमीटरच्या टाकीत साठवायचा आणि दिव्यांत जाळायचा. १८९५ ते १९०२ शाळेत हेच दिवे होते. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई. खिडक्यांच्या काचा अनेकदा बदलाव्या लागल्या, पण दिवे चालू राहिले.

पुढे ही पद्धत मागे पडली. आज तिलाच 'हरित हायड्रोजन' म्हणतात आणि अडचण आहे खर्चाची. पाण्याच्या अपघटनात ऑक्सिजन सुटण्याची क्रिया फार मंद असते, तिथे बरीच वीज वाया जाते. म्हणून त्या विद्युत अग्रावर उत्प्रेरक लागतो. आम्लयुक्त माध्यमात इरिडियमचे ऑक्साइड उत्तम चालते, पण इरिडियम अतिशय दुर्मिळ व महाग आहे. निकेल, लोह, कोबाल्ट यांची ऑक्साइडे स्वस्त. अल्कलीत ती चांगली टिकतात, आम्लात मात्र बहुधा विरघळून जातात. त्यांना तिथे टिकवायचे कसे, यावर शास्त्रज्ञ आज झटत आहेत.

१९०४ पासून ला कूर यांनी खेड्यातील मुलांसाठी वीजतंत्रीचे वर्ग चालवले. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्गातील योहानेस यूल या विद्यार्थ्याने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली.