शिकलेला हात : पंडिता रमाबाई

एप्रिल हा पंडिता रमाबाईंच्या स्मरणाचा महिना. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. त्यांची संस्कृत विद्वत्ता, त्यांचा बाप्तिस्मा, १९०५ सालचे मुक्तीमधील संजीवन व त्यांचे पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा बोलले जाते. आम्ही मात्र आज त्यांच्या चरित्राची एक वेगळी बाजू वाचकांपुढे ठेवणार आहोत. बाईंनी निराधार स्त्रियांना आश्रय दिला, अन्न दिले, सुवार्ता दिली आणि त्यांच्या हाताला कामही शिकवले. पांढुर्णा व सौंसर ह्या आमच्या भागात शाळा संपवून काम शोधणारी मुले-मुली घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी ह्या बाजूचा विचार अगत्याचा वाटतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची समजूत असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना व पुढे मुलींना ती भाषा शिकवली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराण सांगत हिंडे. लोक जी दक्षिणा देत तीवर चरितार्थ चाले. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. दक्षिणा थांबली. दागिने गेले, भांडी गेली, कपडे गेले. शेवटी झाडाची पाने व पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली.

ह्या आपत्तीविषयी रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली आहे. त्यांच्या घरी शास्त्रांवाचून दुसरे काहीच कोणाला येत नव्हते. अंगमेहनतीचे काम कधी शिकवले गेले नव्हते आणि ते करणे कुळाला कमीपणा आणणारे वाटे. भीक मागण्याचीही लाज. अखेरीस भावाने, श्रीनिवासने, जातीचा अभिमान सोडून मोलमजुरी करण्याचे ठरवले. पण फार उशीर झाला होता. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. हजारो श्लोक तोंडपाठ असलेले घर उपासमारीने मोडले. आमच्या मते केडगावचे पुढील सर्व कार्य समजून घ्यायचे तर ह्या घरापासून सुरुवात केली पाहिजे.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे करून स्वतःला गळ्यापर्यंत पुरून घेतले होते. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, पण १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. चोविसाव्या वर्षी बाई विधवा झाल्या. पदरी मनोरमा ही लहान मुलगी.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी शाळा पाहिल्या, बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि स्त्रिया कोणकोणते धंदे करून पोट भरतात हे बारकाईने पाहिले. अमेरिकेवरील त्यांच्या मराठी पुस्तकात ह्या निरीक्षणाला मोठी जागा आहे. विधवेच्या दुःखाचे एक मूळ तिच्या परावलंबनात आहे, हे त्यांच्या मनाने घेतले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे विधवांना शिक्षिका होता येईल असे शिक्षण मिळे. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ साली सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून मोठा वाद झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. बाईंनी काम सोडले नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हाल ऐकून रमाबाईंना आपले आईवडील आठवले व त्या स्वतः तिकडे गेल्या. आमची सौंसर तहसील व पांढुर्णा ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते तो जिल्हा ह्याच मध्य प्रांतात मोडत असे. तेथून सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली व तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींना केवळ जेवू घालणे हेही मोठे काम होते. पण बाई तेथे थांबल्या नाहीत. अक्षरओळखीबरोबर प्रत्येकीला तिच्या शक्तीप्रमाणे काम शिकवले जाई. शेती, फळबाग, गुरे व दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, स्वयंपाक, धुलाई, छापखाना, रुग्णसेवा, अध्यापन अशी कितीतरी कामे तेथे चालत. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी व हातकाम शिकवले जाई. शिक्षिका बाहेरून किती आणणार? शारदा सदनात तयार झालेल्या मुलीच नव्या मुलींच्या शिक्षिका व सांभाळणाऱ्या झाल्या. कालची शिकाऊ ती आजची शिकवणारी. घाणा चालवणे वा मागावर बसणे ही अमक्या जातीची कामे असे मानणाऱ्या समाजात हे घडत होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

छापखान्याचेच पाहा. खिळे जुळवण्याचे काम पुस्तक वाचून येत नाही. पेटीत शेकडो घरे. कोणता खिळा कोणत्या घरात हे हाताला पाठ व्हावे लागते. अक्षर उलटे कोरलेले असते, काना-मात्रा व जोडाक्षरे सांभाळावी लागतात. जाणत्या बाईशेजारी उभे राहून, चुकत, पुन्हा जुळवत ते येते. दुष्काळातून आलेल्या व पूर्वी अक्षरशत्रू असलेल्या मुली असे हे काम शिकल्या.

आणि ह्याच हातांनी पवित्र शास्त्र छापले गेले. खेड्यातील साध्या बाईलाही समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. ह्या कामी त्यांच्या आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे गेली. १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. तो घाव सोसून बाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम पुरे केले आणि मगच डोळे मिटले. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. आम्ही त्या ग्रंथाकडे पाहतो तेव्हा भाषांतर करणारीबरोबर खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या व बांधणी करणाऱ्या अनाम भगिनीही आम्हांला दिसतात.

मुक्तीचा सर्व खर्च ह्या उद्योगांतून निघत असे, असे मात्र कोणी समजू नये. संस्था प्रार्थनेवर व देणग्यांवर चालत होती. उद्योग हे विश्वासाच्या जागी आले नव्हते, ते विश्वासाचेच फळ होते.

निर्गमाच्या ३५ व्या अध्यायात बसालेल व अहलियाब या कारागिरांविषयी सांगितले आहे. देवाने त्यांना कसब दिले, आणि ते कसब इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली. ह्या दुसऱ्या दानाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आपला प्रभू नासरेथात सुतार म्हणून ओळखला जात होता. पौल तंबू करीत असे. ही कामे त्यांनाही कोणीतरी जवळ बसवूनच शिकवली असतील.

आता आपल्याकडे पाहू. पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. बोरगावला कारखाने आहेत, नागपूर जवळ आहे, गावोगावी संत्र्याच्या बागा आहेत. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ पासून कायदा आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये सीखो-कमाओ योजना जाहीर केली, तीत कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकताना महिना ८ ते १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले होते. अशा सोयी कागदावर असतात; त्यांची माहिती देणारा, अर्ज भरून देणारा, पहिल्या महिन्यात धीर देणारा माणूस मंडळीत असावा लागतो.

आमच्या मंडळ्यांत गवंडी आहेत, वायरमन आहेत, परिचारिका आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणारे जाणते हात आहेत. ह्यांपैकी प्रत्येकाने एक मुलगा वा एक मुलगी वर्षभर आपल्याजवळ ठेवून शिकवली तर काय होईल? वाईट वळणाची भीती, रिकाम्या हातांचे नैराश्य, कर्ज, ह्या पुष्कळ गोष्टी आटोक्यात येतील. नाताळच्या वेळी गरीब घरी धान्य व कपडे पोहोचवणे चांगलेच आहे. पण त्याच घरी पुढच्या नाताळातही तेच गाठोडे न्यावे लागले तर आपण अर्धेच काम केले असे समजावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. ह्या महिन्यात मुलांना रमाबाईंची गोष्ट सांगताना त्यांच्या पदव्यांइतकेच वर्णन त्या घाण्याचे, मागाचे व खिळ्यांच्या पेटीचेही करा. मुलांना आपापल्या आईवडिलांचे काम वर्गात सांगायला लावा. कोणाचे वडील हमाली करीत असतील, कोणाची आई संत्री तोडायला जात असेल. ते सांगताना कोणा मुलाची मान खाली जाऊ नये. अनंतशास्त्रींच्या घराला त्या लाजेची फार मोठी किंमत द्यावी लागली होती, आणि त्यांच्या मुलीने तीच लाज केडगावी शेकडो मुलींच्या मनातून काढून टाकली.

प्रभू आपल्या हातांचे काम सिद्धीस नेवो, आणि ते काम दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो.