रोगाचे मूळ रक्तात की रीतीत? : डॉ. वसंत रामजी खानोलकर

मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका रुग्णालयात एका तरुण महिलेसाठी रक्ताची शोधाशोध सुरू होती. तिचा रक्तगट नेहमीच्या चार गटांपैकी नव्हता. तो ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट होता. त्याच गटाचा एक रक्तदाता शिर्डीहून चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास मोटारीने करून इंदूरला पोहोचला आणि त्याने तिच्यासाठी रक्त दिले. या दोघांमध्ये नाते नव्हते, ओळखही नव्हती. दोघांनाही आईवडिलांकडून मिळालेला एक विरळा वारसा मात्र सारखा होता.

‘ए’ आणि ‘बी’ या रक्तगटांच्या खुणा ‘एच’ नावाच्या घटकाच्या पायावर उभ्या राहतात. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीत हा पायाच नसतो. साध्या तपासणीत असे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु त्या व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्त चढवले तर जिवावर बेतू शकते. कारण तिच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या रक्तातील ‘एच’ घटकावर तुटून पडतात. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तरच हा गट उद्भवतो. भारतात त्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असे सांगितले जाते.

मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन व्यक्तींच्या तपासणीवरून या गटाची प्रथम नोंद केली. भेंडे शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी, म्हणजेच केईएम रुग्णालयाशी निगडित होते. त्याच महाविद्यालयात पूर्वी विकृतिशास्त्राचे अध्यापन करून गेलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर तोवर परळमध्येच, हाकेच्या अंतरावर, एका मोठ्या प्रश्नाला भिडले होते. बॉम्बे रक्तगटाचा शोध त्यांचा नव्हे. मात्र माणसाच्या व्याधीत जन्माने आलेले किती आणि जगण्याच्या रीतीने आलेले किती, हा प्रश्न भारतात शास्त्रीय शिस्तीने विचारणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

खानोलकर हे आडनाव गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या वेंगुर्ले तालुक्यातील खानोली गावाची आठवण करून देते. वसंत रामजींचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. परदेशातून पदवी घेऊन आलेल्या डॉक्टराला खाजगी व्यवसायात मानही होता आणि धनही. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाची आणि शवविच्छेदनगृहाची वाट धरली. त्या काळी भारतात वैद्यकीय संशोधन ही बहुतांशी सरकारी नोकरीतील गोऱ्या अधिकाऱ्यांची मिरासदारी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळते.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले आणि खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले, तसतशी त्यांच्यासमोर एक विलक्षण वही उघडत गेली. कोणत्या प्रांतातला, कोणत्या समाजातला रुग्ण कोणत्या अवयवाचा कर्करोग घेऊन येतो, याच्या नोंदी त्यांनी काटेकोरपणे मांडल्या. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक, असे चित्र त्यातून पुढे आले. हा फरक रक्तातला मानून मोकळे होणे सोपे होते. तो काळही तसाच होता. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांनी युरोपात थैमान घातले होते आणि विज्ञानाच्या नावाखाली माणसांची प्रतवारी लावली जात होती.

खानोलकरांनी घाई केली नाही. लग्नाचे वय, अपत्यांची संख्या, आहार, व्यसने, वस्त्रे अशा साऱ्या गोष्टी त्यांनी तपासाच्या कक्षेत आणल्या. १९४५ मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी काचत राहिल्याने होणारा त्वचेचा कर्करोग त्यात नोंदवला होता. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूवरील कर्करोगाचीही त्यात दखल होती. येथे वंशाचा दोष नव्हता, दोष सवयीचा होता, आणि सवय बदलता येते. गोव्यातही उलटी धुमटी ओढण्याची चाल होती. पुढे संशोधकांनी येथील ५,४४९ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून १९७६ मध्ये तिचे दुष्परिणाम मांडले. त्या अभ्यासामागची विचारसरणी खानोलकरांनी तीन दशके आधी रुजवली होती.

कुष्ठरोगाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक दाहक होता. हा रोग एका घरात अनेकांना होतो म्हणून तो घराण्याचा शाप समजला जाई. मुलीबाळींची लग्ने अडत, कुटुंबे गावाबाहेर टाकली जात. रोगाचे जंतू एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. तरीही समजूत हटत नव्हती. खानोलकरांनी रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे सूक्ष्म छेद तपासले आणि जंतू मज्जातंतूंच्या आधाराने कसे वावरतात, याचा माग काढला. रोग नसांमध्ये वास्तव्य करतो. तो बीजातून उतरत नाही. रोगाचे खरे ठिकाण दाखवणे म्हणजेच निरपराध कुटुंबाला आरोपातून मुक्त करणे, हे त्यांच्या या कामाचे सामाजिक फलित होय.

याचा अर्थ त्यांनी आनुवंशिकतेकडे पाठ फिरवली असा नाही. उलट, सवयी आणि जंतू यांचा वाटा बाजूला काढल्यावर जे उरते ते मोजण्यासाठी त्यांनी स्वतंत्र प्रयत्न केले. डॉ. एल. डी. संघवी या तरुण संशोधकाला सोबत घेऊन त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांमध्ये सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली. तिचा निबंध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे शतकानुशतके जातीतल्या जातीत विवाह होत आले. त्यामुळे काही जनुके विशिष्ट गटांत साचत गेली असावीत, हा तर्क येथे आकड्यांच्या कसोटीला लावण्यात आला. समाजाने घातलेली विवाहाची कुंपणे शरीराच्या पेशींपर्यंत कशी पोहोचतात, हे दाखवणारे ते आरंभीचे काम होते.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. केंद्राचे नाव कर्करोगाचे असले, तरी त्यांनी तेथे मानवी आनुवंशिकतेलाही हक्काची जागा दिली. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मुंबईतील बारा समाजगटांतील नात्यातल्या विवाहांचे प्रमाण मांडले. मामेबहिणीशी लग्न ही आपल्याकडे परिचयाची गोष्ट. अशा विवाहात दोन्ही बाजूंनी एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते, म्हणून ही गणना केवळ मानववंशशास्त्राची हौस नव्हती. पुढे याच केंद्रातून हिमोग्लोबिनच्या वेगवेगळ्या प्रकारांचा आणि पारशी समाजातील जी-सिक्स-पीडी न्यूनतेचा अभ्यास झाला. ही न्यूनता असलेल्यांना हिवतापावरील काही औषधे दिली तर तांबड्या पेशी फुटू लागतात. औषध लिहिण्यापूर्वी रुग्णाचा वारसा ठाऊक असावा लागतो, तो यासाठी.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्यांत कमल रणदिवे यांचे नाव ठळक आहे. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध काय, हा धागा त्यांनी पुढे आयुष्यभर जपला. खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद आणि पद्मभूषण हे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलातील एक इमारत आज ‘खानोलकर शोधिका’ या नावाने उभी आहे.

त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र जुना झालेला नाही. इंदूरच्या पश्चिमेला असलेल्या झाबुआ आणि आलिराजपूर या आदिवासी जिल्ह्यांत २०२१ पासून सिकलसेलची तपासणी मोहीम म्हणून हाती घेण्यात आली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले; त्याचे लक्ष्य २०४७ हे वर्ष आहे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात थॅलेसेमियाग्रस्त बालकांवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊ लागले आहे. या दोन्ही व्याधींचे गणित सारखेच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रोगग्रस्त असण्याची शक्यता चारांत एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलाला रोग होत नाही, ते फार तर वाहक होते.

हे गणित कळण्यासाठी रक्ताची एक तपासणी पुरते. ते पचण्यासाठी समाजाची तयारी लागते. वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडते, मूल आजारी निघाले की दोष आईच्या माथी मारला जातो, रोगाला एखाद्या जातीचे किंवा जमातीचे नाव चिकटवले जाते. जनुक आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते, एवढी साधी गोष्टही अनेक घरांत मान्य होत नाही. आनुवंशिक व्याधींवरील संशोधनासाठी रक्ताचा नमुना देणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच दोन गोष्टींची हमी मिळायला हवी. त्या नमुन्यातून त्यांच्या मुलाबाळांच्या उपचाराला दिशा मिळेल, ही पहिली. आणि त्यातून त्यांच्यावर कोणताही डाग लागणार नाही, ही दुसरी.

खानोलकरांच्या आयुष्यभराच्या कामातून निघणारा धडा हाच आहे. त्यांनी कुष्ठरोग जंतूंच्या खाती टाकला, टाळूचा कर्करोग सवयीच्या खाती टाकला आणि जे खरोखर वारशाने येते ते वारशाच्या खाती, मोजून आणि तपासून, मांडले. रोगाचे कारण योग्य ठिकाणी शोधले की उपायही योग्य ठिकाणी होतो आणि अपराध नसलेल्या माणसाला शिक्षा भोगावी लागत नाही.