नगरच्या मातीत विसावलेला कवी : नारायण वामन टिळक

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून आळेफाट्यापलीकडे गेले की महामार्ग अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचतो. मुलुंड वा बोरिवलीचे भाविक पुढे शिर्डी-शिंगणापूरच्या रस्त्यावरील गर्दी पाहतात आणि परततात. याच नगरमधील ख्रिस्ती दफनभूमीत महाराष्ट्राच्या एका थोर ख्रिस्ती कवीच्या अस्थी विसावल्या आहेत, याची जाणीव आपल्या धर्मग्रामांत फारच थोड्यांना असते. रेव्हरंड टिळक प्रॉटेस्टंट होते, हे खरे. परंतु त्यांची भजने पंथांच्या भिंती केव्हाच ओलांडून गेली आहेत.

नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. 1880 साली जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांची पत्नी झाली. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई. माहेरी सोवळ्याचा अतिरेक, तर पती कुठल्याही गावात फार काळ न टिकणारा! अशा संसाराची कल्पना वाचकांनीच करावी.

1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांनी वाचावयास घेतला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. दोन वर्षांच्या मानसिक संघर्षानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला.

पत्नीला मात्र हा वज्राघातच होता. त्यांच्या चरित्रातील हा भाग आपण बहुधा घाईने ओलांडतो; तसे करू नये. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई पंढरपुरी नातलगांकडे राहिल्या. जवळपास पाच वर्षे पतिपत्नींचा संसार दुभंगलेला होता. टिळकांच्या श्रद्धेची किंमत या माउलीने मोजली, तीही न विचारता लादलेली. पुढे त्या नगरला आल्या, प्रारंभी वेगळ्या राहिल्या. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि 1900 साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

नगर जिल्हा हीच टिळकांची खरी कर्मभूमी. अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिकवीत, कीर्तने करीत. 1904 साली त्यांना दीक्षा मिळाली. 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना अवघा महाराष्ट्र ओळखत असे. बालकवी ठोंबरे यांना त्यांच्या घरी पुत्रवत माया लाभली. विलायती चालींवर बेतलेल्या गीतांनी मराठी माणसाचे अंतःकरण हलणार नाही, हे टिळकांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी वारकऱ्यांचा अभंग हाती घेतला; ‘अभंगांजली’ हे त्याचे फळ. तुकोबांच्या भक्तीतूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. 1917 साली मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास गेले व ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाच्या स्थापनेत गुंतले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना तेथे स्थान होते. अनेकांना ते रुचले नाही.

दरबार रुजण्यापूर्वीच प्रकृती ढासळली. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेऊन पुरण्यात आल्या. पूर्वजांची चिता आणि ख्रिस्ती जनांची दफनभूमी, दोन्हींशी नाते त्यांनी मरणोत्तरही राखले.

त्या काळी कॅथलिकांना हे शक्य नव्हते. 1917 च्या कॅनन कायद्याने दहनास मनाई होती. ती 1963 साली शिथिल झाली. 2016 साली रोमने स्पष्ट केले की दहन केल्यास अस्थी विखरू नयेत, पवित्र स्थळी ठेवाव्यात. टिळकांच्या बाबतीत जे 1919 साली घडले, ते याहून फारसे निराळे नव्हते! आपल्या उपनगरांत दफनभूमी अपुऱ्या पडतात, कबरी पुन्हा उघडून अस्थी भिंतीतील कोनाड्यांत हलवाव्या लागतात. 2020 च्या महामारीत तर मुंबईतील कित्येक कॅथलिक कुटुंबांनी दहनाचा मार्ग पत्करला. आजही एखाद्या घरी हा विषय निघाला की वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. त्यांनी सवडीने नगरची ही समाधी पाहून यावी.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोड्याच अध्यायांनंतर थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, शालेय शिक्षण न लाभलेल्या स्त्रीने. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला.