डॉ. आनंदीबाई जोशी

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले असेल. त्या शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या आणि डॉक्टर झाल्या. पण जाण्याच्या आधी त्यांनी किती तयारी केली ते पुष्कळांना माहीत नसते. म्हणून मी तेच जास्त लिहिणार आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातल्या. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. नऊ वर्षांची म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलींपेक्षाही लहान! गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. ते यमुनेपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले.

त्या काळी मुलींना शाळेत पाठवत नसत. पण गोपाळरावांना बायकोला शिकवण्याचा ध्यास होता. ते फार कडक होते. अभ्यास झाला नाही की रागावत, मारतसुद्धा. मारणे काही बरोबर नाही असे मला वाटते. पण आनंदीबाई हुशार होत्या. त्या भराभर शिकल्या.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. तेव्हा बायका पुरुष डॉक्टरांकडे जायला लाजत आणि बाई डॉक्टर तर नव्हत्याच. आपल्या बाळाला औषधपाणी नीट मिळाले नाही, याचे आनंदीबाईंना फार दुःख झाले. मग त्यांनी ठरवले की आपण डॉक्टर व्हायचं.

गोपाळरावांची सारखी बदली व्हायची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, इतकी गावे झाली. दर वेळी सामान बांधायचं आणि नवीन गावात बिऱ्हाड करायचं. कलकत्त्याला तर भाषाही वेगळी. नवराबायको बरोबर फिरायला निघाले की लोक टक लावून बघत आणि हसत. आनंदीबाईंची तब्येतही तिथे बिघडली. डोके दुखायचे, ताप यायचा.

अमेरिकेची ओळख कशी झाली, ती गंमतच आहे. गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरहून एका मिशनरी साहेबांना पत्र लिहिले होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत करा, असे त्यात होते. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. तिथल्या कार्पेंटरबाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायची वाट बघत बसल्या असताना त्यांनी ते मासिक वाचले आणि आनंदीबाईंना पत्र पाठवले. मग दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मावशींनी अमेरिकेहून औषधेसुद्धा पाठवली. एकमेकींना न बघताच त्या मावशी-भाची झाल्या.

पुढे गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला झाली. आता अमेरिकेला जायचे ठरले. पण दोघांनी जाण्याइतके पैसे नव्हते. शिवाय गोपाळरावांचे आईवडील म्हातारे होते आणि भावंडे लहान होती. त्यांना कोण सांभाळणार? म्हणून आनंदीबाईंनी एकटीनेच जायचे ठरवले. पैशासाठी त्यांनी आपले दागिने विकले.

सगळ्यात अवघड तयारी पुढेच होती. लोक नावे ठेवू लागले. समुद्र ओलांडला की जात बुडते असे तेव्हा मानत. शेवटी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात सभा झाली. आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि तेही इंग्रजीत! तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे झाले नव्हते. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी एक एक घेतले. अमेरिकेलाच का, एकटीच का, जातीबाहेर टाकले तर काय, तिथे काही संकट आले तर काय? सगळ्यांची उत्तरे त्यांनी दिली. देशाला बाई डॉक्टरांची फार गरज आहे, मी तिथेही इथल्यासारखीच राहीन आणि संकट तर कुठेही येते, असे त्यांनी सांगितले. मला वर्गात कविता म्हणतानासुद्धा घाम येतो. त्या तर भर सभेत बोलल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबत काही मिशनरी बायका होत्या, पण घरचे कोणीच नव्हते. मी शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर कलकत्त्यावर बोट ठेवून बघितले. अमेरिका दिसतच नाही, ती मागच्या बाजूला जाते. गोल फिरवावा लागतो. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर मावशी त्यांना घरी घेऊन गेल्या.

नंतर त्या फिलाडेल्फियाच्या मुलींच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या. कडाक्याच्या थंडीतही त्या साडीच नेसत आणि शाकाहारीच राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई आल्या होत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाचे काम त्यांना मिळाले होते. पण त्यांना क्षयरोग झाला होता. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरला जाणे राहूनच गेले. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवली. मावशींनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली.

हे लिहिताना मी आजीला वाचून दाखवले. बाळाचे वाचल्यावर आजी गप्प बसली. मग तिने सांगितले की तिचेही पहिले मूल असेच गेले. तेव्हा गावात डॉक्टर नव्हता. तिने मला तेवढा भाग परत वाचायला लावला.

आनंदीबाईंना एकही रोगी बरा करायला वेळ मिळाला नाही. तरी त्यांच्यानंतर किती मुली डॉक्टर झाल्या! म्हणून त्यांची तयारी वाया गेली नाही, असे मला वाटते.

इयत्ता ४ थी