न्यूकॅसलचे बाळांचे डॉक्टर

डॉ. जेम्स स्पेन्स यांचा जन्म १८९२ चा, नॉर्थम्बरलंडमधल्या ॲम्बल या छोट्या बंदरगावातला. न्यूकॅसलला डॉक्टर झाले, पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेले आणि मिलिटरी क्रॉस मिळवला, तोही दोनदा. पण मला विचाराल तर त्यांची खरी लढाई त्यानंतरची.

त्या काळी इथल्या इस्पितळात बाळ दाखल केलं की आईला घरी पाठवत. भेटीच्या वेळा अगदी मोजक्या. आपल्याकडे आजारी लेकराच्या खाटेशेजारी आईची वळकटी असतेच, त्यामुळे हे वाचून मी चाटच पडले! स्पेन्सनी न्यूकॅसलच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये आयांना बाळासोबत ठेवून घेतलं. शुश्रूषा आईने करायची, नर्सने मदतीला राहायचं. आमची लेक सहा महिन्यांची असताना छाती भरून वॉर्डात होती, तेव्हा रात्रभर मी तिच्याजवळ होते. ही सोय कुणाच्या हट्टातून आली, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं ते १९३९ मध्ये. त्या वर्षी न्यूकॅसलमध्ये पहिल्या वाढदिवसाआधीच जी बाळं गेली, ती कशाने गेली याचा शोध स्पेन्स आणि त्यांचे सहकारी डॉ. मिलर यांनी घेतला. इंग्लंड-वेल्समध्ये तेव्हा जन्मलेल्या हजारातली सुमारे ५१ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९४१ मध्ये हा आकडा ६० वर गेला. सरकारने १९४० पासूनच गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पाइंट दूध स्वस्तात, गरिबांना फुकट, द्यायला सुरुवात केली होती. पुढे कॉडलिव्हर ऑइल आणि संत्र्याचा रसही आला. १९४५ पर्यंत आकडा ४६ वर उतरला. बाँब पडत असताना हे झालं, याचं नवल वाटतं.

पण स्पेन्सना खटकत होतं ते वेगळंच. बाळं जात होती ती मुख्यतः संसर्गाने. दूध घरपोच करता येतं हो, पण सगळं कुटुंब एकाच खोलीत झोपत असेल तर खोकला कुठे थोपवायचा?

१९४२ मध्ये ते बालआरोग्याचे प्राध्यापक झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी मे आणि जून १९४७ मध्ये न्यूकॅसलमध्ये जन्मलेली ११४२ बाळं अभ्यासाला घेतली. डॉक्टर आणि आरोग्यसेविका थेट घरी जाऊन घर, माणसं, दुखणी सगळं टिपून ठेवत. त्यावरचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी स्पेन्स गेले. सहकाऱ्यांनी काम सोडलं नाही. त्यातल्या अनेकांना तर पन्नाशीतही पुन्हा तपासणीला बोलावलं गेलं.