टिळकांचे पहिले वर्ष

१८७२ साली मॅट्रिक होऊन बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकावयास गेले. बुद्धी तल्लख, पण देह अगदीच किरकोळ! वडीलही त्याच वर्षी निवर्तले होते. दुसरा कोणी असता तर त्याने पुस्तकेच घट्ट धरली असती. टिळकांनी मात्र पहिले वर्ष शरीर कमावण्यास द्यावयाचे ठरविले.

ते आखाड्यात कुस्ती खेळत, नदीत पोहत, नाव वल्हवीत. शरीर एका दिवसात बनत नाही. स्नायूंना हळूहळू अधिक श्रम द्यावे लागतात. मग पौष्टिक अन्न व झोप मिळाली की झीज भरून ते पूर्वीपेक्षा बळकट होतात. पोहण्याने व वल्हविण्याने दम वाढतो, म्हणजे हृदय व फुप्फुसे दीर्घ काळ श्रम सोसू शकतात. मात्र व्यायामात फार दिवस खंड पडला, तर मिळविलेले बळ ओसरू लागते.

वर्षअखेर टिळक परीक्षेत नापास झाले. हे मोल काही थोडे नव्हते. पण शरीर पिळदार झाले होते, आणि पुढे बी. ए. ची परीक्षा ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

१९०८ साली सरकारने त्यांना सहा वर्षांसाठी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात धाडले. वय पन्नाशीपुढचे, मधुमेह जडलेला, उन्हाळा असह्य. १९१२ साली पत्नी वारल्याची वार्ताही तेथेच कळली. त्याच कोठडीत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले आणि १९१४ च्या जून महिन्यात ते पुण्यास परत आले.