पिशारोटी सर: नारळाच्या बागेपासून वणव्याच्या अलर्टपर्यंत

उन्हाळ्यात ठाण्याच्या येऊरला किंवा कल्याणहून मलंगगडाकडे जाताना डोंगरउतारावर कधीकधी काळे पट्टे दिसतात. वणवा लागून गेल्याची ती खूण. हे पट्टे उपग्रहालाही दिसतात. आपल्याकडे ही नजर ज्यांनी आणली, ते पी. आर. पिशारोटी. भारतीय रिमोट सेन्सिंगचे जनक म्हणतात त्यांना.

जन्म १९०९चा, केरळमधल्या कोल्लेंगोडचा. पण नोकरीचा मोठा काळ आपल्याच बाजूला गेला. १९४२मध्ये हवामान खात्यात लागले, पुढे अमेरिकेत जाऊन पीएचडी केली, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. १९६२मध्ये पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था निघाली, तिचे पहिले संचालक हेच. लोक निवृत्त होऊन आराम करतात त्या वयात हे अहमदाबादला विक्रम साराभाईंकडे गेले!

खरी गंमत तिथून पुढे. केरळात नारळाला मुळांचा एक रोग लागत होता. सत्तरच्या सुमारास पिशारोटींच्या टीमने हेलिकॉप्टरमधून बागांचे फोटो काढले, तेही इन्फ्रारेड फिल्मवर. निरोगी पान हा न दिसणारा प्रकाश भरपूर परतवतं, त्यामुळे अशा फिल्मवर ते लालभडक उमटतं. आजारी झाड फिकं पडतं. बस्स, एवढीच आयडिया.

जळालेल्या जंगलात पानंच उरत नाहीत, मग हा प्रकाश परत येणार कुठून? म्हणून उपग्रहाच्या फोटोवरून किती जंगल जळालं ते मोजता येतं. पेटती आग शोधायची पद्धत मात्र वेगळी. तिथे आगीची स्वतःची उष्णता, साधारण चार मायक्रॉनच्या लहरींमधली, सेन्सर पकडतो.

१९८८मध्ये आयआरएस-१ए हा आपला रिमोट सेन्सिंग उपग्रह वर गेला, तो पिशारोटींनी पाहिला. २००२मध्ये ते गेले. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाने उपग्रहावरून टिपलेल्या आगींची खबर राज्यांच्या वन खात्यांना द्यायला सुरुवात केली ती २००४मध्ये. आता नाव नोंदवलं तर असा अलर्ट तुमच्या मोबाईलवरही येतो.

पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. यासाठी वापरतात त्या व्हीआयआरएस सेन्सरचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा, आणि तो उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा आपल्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊरचं गवत तासाभरात जळून विझलं, तर अलर्ट येणारच नाही. तेव्हा धूर दिसला की वन खात्याला फोन करायचा.